उल्हास खोऱ्यातले कारखाने आणि कामगार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबरनाथचा. वडील कारखान्यात होते. आमच्याकडे घड्याळ लावायचं ते भोंग्यावर. हल्ली अधूनमधून रविवारी चार-दहा जणांना घेऊन कर्जत ते कल्याण पट्ट्यातल्या जुन्या जागा दाखवत हिंडतो. लोक तेच-तेच प्रश्न विचारतात, मग एकदाची उत्तरं लिहून टाकली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

उल्हास खोरं म्हणजे नेमका कुठला भाग?

बोरघाटाच्या उत्तरेला, राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात उल्हास उगम पावते. कर्जतला सपाटीवर येते, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला पोचते आणि पुढे खाडी होऊन वसईकडे जाते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर, म्हणजे नदी म्हणून तशी आखूडच. पण गोतावळा मोठा आहे : पेज, पोशीर, बारवी, काळू, भातसा, अंबरनाथची वालधुनी, भिवंडीची कामवारी. कल्याणहून कर्जत लोकल पकडलीत तर बराच वेळ तुम्ही नदीच्या सोबतीनेच जात असता. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की इथे नदी आहे.

एवढे कारखाने इथेच का आले?

रूळ, पाणी आणि स्वस्त जमीन. १ मे १८५४ ला गाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली, आणि कल्याणला एक फाटा कसारा घाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे गेला. मुंबई बंदरात उतरलेला माल इथे सहज यायचा, तयार माल तितक्याच सहज परत जायचा. मुंबईत जागा महाग, धूर आणि वासाबद्दल तक्रारी, वर शहराची जकात. मग आम्ल, काडेपेट्या, रेयॉन असले उद्योग खाडीच्या अलीकडे सरकले. मुंबईला जे जवळ हवं होतं पण अंगणात नको होतं, ते आमच्याकडे आलं.

कोकणातल्या नद्या फाल्गुनातच आटतात. उल्हास उन्हाळ्यात वाहते कशी?

हा माझा आवडता प्रश्न, आणि तो फार कमी जण विचारतात.

उन्हाळ्यात उल्हासमधून वाहतं त्यातलं बरंचसं पाणी मुळात तिचं नाही. घाटावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे ते पाणी पंढरपूरवरून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, सह्याद्रीतून बोगदा काढला आणि १९२२ साली भिवपुरीच्या वीजघरात खाली सोडलं. पाणी चक्र फिरवतं आणि पेज नदीवाटे उल्हासमध्ये येतं. गिरण्यांना वीज रोज लागायची, म्हणून पाणीही रोज सुटायचं, आणि त्यामुळे उल्हास बारमाही झाली.

पुढे कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची तहान आणि एमआयडीसीचे कारखाने याच पाण्यावर वाढले. औद्योगिक महामंडळाने बारवीवर स्वतःचं धरण बांधलं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून नदीचा आधार भिवपुरीच होतं. आज सोलापूर-पुणे भागातून मागणी होते की आमचं पाणी आम्हाला परत द्या. मागणी चुकीची म्हणता येत नाही. पण ते पाणी थांबलं तर इथल्या नळांचं काय, याचं उत्तर मागणी करणाऱ्यांकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही.

टाटांची तशीच दुसरी दोन वीजघरं, खोपोली (१९१५) आणि भिरा (१९२७). त्यांचं पाणी अनुक्रमे पाताळगंगेला आणि कुंडलिकेला जातं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह भिऱ्याच्या वीजघरासाठी बांधलेल्या मुळशी धरणाविरुद्ध होता. लोक दर वेळी तो उल्हास खोऱ्याच्या खात्यात मांडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

खोऱ्यातला पहिला मोठा कामगार लढा कोणता? गिरणीचा ना?

नाही. इथे गिरणी यायच्या आधीचा आहे. १८५९ चा, बोरघाटातला.

१८५६ च्या सुरुवातीला पळसदरीपासून लोहमार्ग घाट चढू लागला. पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आठ मोठे पूल, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका उभा चढ. कंत्राट फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सगळ्यांच्या तळाशी कडे फोडणारे वडार, माती वाहणारी बायकापोरं, घाटावरून आणि कोकणातून आलेली कुळंच्या कुळं. काम पावसाळा सोडून चालायचं. मजुरी वरून खाली येईपर्यंत जागोजागी अडायची, आटायची.

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून मजूर बिथरले. दंगल झाली, गोऱ्या देखरेख्यांवर हल्ले झाले, पोलीस आणि फौज हलली. सरकारने चौकशी केली आणि मजुरांना पैसे खरोखरच वेळेवर मिळत नव्हते हे त्यातून पुढे आलं. काही आठवड्यांतच फॅव्हिएलने कंत्राट सोडलं.

यातून जो कायदा झाला तो मला सगळ्यात बोलका वाटतो. १८६० चा नववा कायदा, मालक आणि मजूर यांच्यातल्या तंट्यांचा. रेल्वे आणि सार्वजनिक बांधकामावरच्या मजुरीच्या तक्रारी मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढाव्यात, अशी त्यात सोय होती. पण काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही त्यातच होती. मालकाने पैसे बुडवले तर वसुली, मजूर पळाला तर कैद. दोन पारडी, वजनं वेगळी. या देशातल्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यांच्या वंशावळीत अगदी वरच्या फांदीवर आमचा घाट बसलेला आहे. कामगार कायदे शिकवताना हे कुणी सांगत नाही.

घाटात २५,००० मजूर मेले हे खरं का?

हा आकडा तुम्हाला जागोजागी सापडेल. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. हजेरीपट जिवंत माणसांचा ठेवला जायचा, कारण पैसे त्यांना द्यायचे असायचे. १८६१ च्या जानेवारीत कामावर ४२,००० माणसं होती ही नोंद मात्र पक्की आहे. पटकी आणि हिवताप दर हंगामाला यायचे. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर काही आठवड्यांतच आजारपणात गेला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालवलं आणि दोन अनुभवी इंजिनिअर नेमून काम तडीला नेलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. ॲलिसबाईंवर आता लेखांवर लेख येतात, येऊ देत, बाई कर्तबगार होती. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायकांपैकी मात्र एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

भाई कोतवालांनी विजेचे मनोरेच का पाडले?

कारण त्यांना हे खोरं कशासाठी राबतं ते बरोबर कळलं होतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या तावडीतून गरिबांना सोडवायला त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. बेचाळीसच्या चळवळीत त्यांचा ‘आझाद दस्ता’ कर्जत-मुरबाडच्या रानात उतरला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे कापू लागला. रात्री रानात एक मनोरा आडवा झाला की मुंबईतल्या गिरण्या आणि रेल्वेला फटका बसायचा. युद्धाच्या दिवसांत सरकारला हे सोसणारं नव्हतं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले.

दस्त्यातली बहुतेक पोरं खोऱ्यातल्याच गावांची होती. ज्या तारा त्यांनी तोडल्या त्या त्यांच्या डोक्यावरून जायच्या, आणि घरात रॉकेलची चिमणी असायची.

अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना कसा काय?

१९२२ मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवरची आयात जकात जबर वाढवली. स्वीडनची कंपनी जगभर काड्या विकत होती. जकात चुकवायला तिने भारतातच कारखाने काढले, आणि त्यातून १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली ‘विमको’, उभी राहिली. ‘शिप’ छाप काडेपेटी कुणाच्या घरात नव्हती? अंबरनाथचं स्टेशन, मोकळी जागा आणि बंदर जवळ, म्हणून कारखाना इथे.

त्याहून थोडा आधीचा म्हणजे १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा. गंधकाचं आम्ल आणि सुपरफॉस्फेट खत. देशातल्या रसायन उद्योगाची सुरुवात सांगताना हे नाव घ्यावंच लागतं. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये आयुध निर्माणी आणि तिच्या जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. अंबरनाथमध्ये ‘ऑर्डनन्सला लागला’ म्हणजे मुलीच्या बापाने पुढे काही विचारायचं नाही, अशी त्या नोकरीची पत होती. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. तेव्हापासून ती पत काय राहिली ते लग्न जुळवणाऱ्यांना विचारा.

उल्हासनगर आधी छावणी होतं म्हणतात. मग उद्योग कुठून आले?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पूर्वेला लष्कराच्या छावण्या पडल्या. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या सुमारे ९४,००० निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली आणि नदीवरून नाव पडलं. पत्ता अजूनही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात.

सिंधी निर्वासित बव्हंशी व्यापारी, नोकरदार. जमीन हातात नाही, भांडवल नाही. त्यांनी बराकीच्या ओट्यावर पापड लाटले, गोळ्या-बिस्किटं केली, शिलाई मशीन लावलं. पुढे फर्निचर, कपडे, विजेची उपकरणं, आणि मग जीन्स. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्ही ऐकला असेल. इथले लोक तो स्वतःच सांगतात, त्यामुळे त्यांना चिडवायच्या भानगडीत पडू नका. मात्र घरातल्या उद्योगाला कामगार कायदा लागत नाही. बाहेरून शिलाई आणि धुलाईला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर पीसवर काम करतात आणि हजेरीपटावर कुठेच नसतात.

रेयॉन म्हणजे काय? त्या कारखान्यांतल्या लोकांना कसला त्रास व्हायचा?

रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, जुन्या बाजारात ‘आर्ट सिल्क’. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून विरघळवायचा, मग तो मधासारखा घट्ट रस बारीक छिद्रांतून गंधकाच्या आम्लात सोडायचा. आम्लात त्याचा धागा होतो. पाणी अफाट लागतं, म्हणून दोन्ही मोठे कारखाने नदीकाठी : मोहन्याला नॅशनल रेयॉन (कंपनी १९४६ ची) आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन (१९५० च्या दशकातला).

शहाड स्टेशनवर उतरलात की एक वास नाकात शिरतो. कुजलेल्या कोबीसारखा. नवखा माणूस रुमाल काढतो, जुना माणूस म्हणतो, ‘कसला वास?’ कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेवर परिणाम करतो. झोप जाणं, चिडचिड, हातापायांना मुंग्या, वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर हृदयविकार. जगभरच्या रेयॉन कारखान्यांत हे नोंदलं गेलं आहे. स्पिनिंग खात्यात डोळ्यांची आग व्हायची ती वेगळी. आमच्या चाळीत अशा खात्यातले एक काका होते. रात्रपाळी करून आले की अंधारात बसायचे, बायको दिवा लावू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं काका रागीट आहेत.

पण हेही खरं की या कारखान्यांनी कॉलनी दिली, शाळा दिली, दवाखाना दिला. मोहन्याच्या कॉलनीत वाढलेली माणसं आजही त्या दिवसांबद्दल बोलताना हळवी होतात. विष आणि भाकरी एकाच गेटातून यायची, त्यामुळे एकाबद्दल बोलताना दुसऱ्याबद्दल गप्प बसायची सवय लागली.

कल्याण म्हणजे फक्त जंक्शन. तिथे कामगारांचा इतिहास काय असणार?

रेल्वे कामगार हेच खोऱ्यातले सर्वात जुने कायमस्वरूपी कामगार. लोको शेड, यार्ड, ठाकुर्लीचं वीजघर. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आजची मध्य रेल्वे) रेल्वेने १९२९ मध्ये खाडीकाठी स्वतःचं वीजघर बांधलं आणि कल्याण-पुणे मार्ग विजेवर आला. १९८० च्या दशकाअखेर ते बंद पडलं. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेने वालधुनीच्या उगमाकडे काकोळ्याला तलाव बांधला होता. गावकरी त्याला अजून ‘जीआयपी टँक’च म्हणतात, कंपनी जाऊन पाऊणशे वर्षं होत आली तरी. १९३० चा जीआयपीचा संप आणि ८ मे १९७४ पासूनचा देशव्यापी रेल्वे संप या दोन्ही वेळी रेल्वे वसाहतींनी किंमत मोजली. चौऱ्याहत्तरला क्वार्टरमधून बाहेर काढण्याच्या धमक्या होत्या आणि पुरुष भूमिगत होते. घरं बायकांनी चालवली.

भिवंडी यात धरायची का?

धरायचीच. कामवारी उल्हासच्याच खाडीला मिळते. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा झालेले मोमीन विणकर इथे हातमाग घेऊन आले, १९३० च्या दशकापासून यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा कापड विणणं थांबलं नाही. ते भिवंडीच्या शेडमध्ये आलं. गिरणीतला कामगार कायम होता, त्याला युनियन होती, भविष्यनिर्वाह निधी होता. इथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि एकाच शेडच्या भिंती पाडून-बांधून चार मालकांच्या नावावर केलेले माग, म्हणजे फॅक्टरी कायद्यातली तेव्हाची दहा कामगारांची मर्यादा ओलांडायलाच नको. कांड्या भरायला बाया, बीम चढवायला पोरं, माग बिघडला की तो दुरुस्त करणारा जॉबर.

परगावचा कामगार ‘भिशी’त जेवतो. भिशी म्हणजे खानावळ. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळ जेवायचं. आठवड्याचा पगार उशिरा झाला तरी भिशीवाला थांबतो, म्हणून या शहरातली खरी पतसंस्था तीच. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी शहर होरपळलं. तरी माग पुन्हा सुरू झाले, कारण मजुराला आणि मालकाला दोघांनाही दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मूळचे आगरी, कुणबी, कातकरी, ठाकूर लोक या कारखान्यांत कुठे होते?

काही होते, पण जमिनी त्यांच्याच गेल्या. नेवाळीच्या धावपट्टीसाठी ब्रिटिशांनी युद्धकाळात घेतलेल्या शेतांचा वाद जून २०१७ मध्ये पेटला आणि रस्त्यावर आला. म्हणजे पंचाहत्तर वर्षं तो वाद धुमसतच होता.

कातकरी आणि ठाकूर मात्र गेटाच्या आत फारसे गेलेच नाहीत. आधी कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या. खोऱ्यातल्या आणि मुंबईतल्या इमारती ज्या विटांवर उभ्या आहेत त्या नदीकाठच्या मातीच्या, आणि थापल्या कातकऱ्यांनी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालक बयाणा देतो. दिवाळीनंतर सगळं कुटुंब भट्टीवर. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते, हिशोब पाऊस लागताना होतो, आणि दर वर्षी काही ना काही ‘फिटायचं’ राहतं. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

याचं जुनं रूप म्हणजे लग्नगडी : लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबायचं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे आलेले वारली हे ऐकून-सांगून परतले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उत्तर ठाण्यात वेठीविरुद्ध उठाव झाला. टिटवाळा लोकांना गणपतीमुळे माहीत आहे. या कारणासाठीही माहीत असायला हवा. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ मध्ये झाला. तो अमलात यावा म्हणून १९८२ पासून श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात झगडावं लागलं.

माथेरानच्या हातरिक्षा याच भागातल्या माणसांनी ओढल्या. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये.

वालधुनी नदी आहे की नाला?

नदी. तिच्याच काठावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, इ.स. १०६० चं. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून कुणीतरी रात्री तिच्यात रासायनिक कचरा ओतला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावं लागलं. जीन्स धुलाईचं निळं पाणी बरीच वर्षं वाहिलं. हरित लवादाचे दंड झाले, धुलाई केंद्रांवर बंदी आली, आणि त्यातली काही शेजारच्या गावांत हलली. पाणी तिथूनही खालीच येतं.

डोंबिवलीत स्फोट वारंवार का होतात?

एमआयडीसी १९६४ मध्ये आली तेव्हा भोवती भातखाचरं होती. नंतर घरं कुंपणाला येऊन भिडली. २६ मे २०१६ च्या प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात १२ जण गेले, २३ मे २०२४ ला पुन्हा एका रसायन कारखान्यात तेच. मधल्या काळात, २०२० मध्ये, रस्ता गुलाबी झाला तेव्हा सगळ्या वाहिन्या आल्या होत्या. लहान रसायन कारखान्यात प्रशिक्षित ऑपरेटर महाग पडतो, कंत्राटी मजूर स्वस्त. आणि तपासणी करणारे अधिकारी कारखान्यांच्या मानाने मूठभर. ‘आधी कारखाने होते की घरं’ हा वाद निवडणुकीपुरता बरा आहे. मरणारा बहुतेक वेळा आतला मजूर असतो आणि तो त्या वादात कुणाच्याच बाजूने नसतो.

कारखाने युनियनबाजीमुळेच बंद पडले ना?

हा प्रश्न नसतो, मत असतं. तरी उत्तर देतो.

संपांनी नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. पुढाऱ्यांच्या भांडणात होरपळलेली घरं माझ्या ओळखीची आहेत. पण काड्यांचा धंदा शिवकाशीच्या हातकामाने आणि पुढे लायटरने खाल्ला. रेयॉनला पॉलिएस्टरने आणि स्वस्त आयातीने. जुनी यंत्रं बदलायला पैसा घातला गेला नाही. आणि १९९० नंतर जमिनीचा भाव असा चढला की कारखाना चालवण्यापेक्षा पाडणं फायद्याचं झालं. ज्या जागांवर आज टॉवर आणि गोदामं आहेत तिथे युनियन नसती तरी टॉवर आणि गोदामंच असती.

बंद कारखान्याची देणी मिळतात का? कागद कुठले लागतात?

मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं न्यायालयात फिरत राहिली, म्हणून हा प्रश्न सर्वात जास्त येतो. थोडक्यात सांगतो.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच अर्जात मागू नका. पीएफ कंपनीकडे नाही, भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे मागायचा. जुना खातेक्रमांक हवा. जुन्या बंद कारखान्यांची ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्यातली (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), पाच वर्षं सलग नोकरी असेल तर. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे अवसायनात, म्हणजे कंपनी मोडीत काढताना, कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात, पण दावा मुदतीत दाखल व्हायला हवा. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते.

नोकरीचा पुरावा म्हणून पगारपत्रक, ईएसआयचं कार्ड, गेटपास, कामगार पतपेढीचं पासबुक, कंपनीच्या शाळेचा मुलांचा दाखला, क्वार्टरची पावती, काहीही चालवून पाहा. माझ्या वडिलांच्या कंपनीने (नाव नको) सेवापुस्तक ‘पुरात गेलं’ म्हणून सांगितलं. आईने गव्हाच्या डब्यात तळाशी ठेवलेल्या बोनसच्या पावत्यांवर आमचं काम झालं. घरातले डबे आधी पाहा, वकील नंतर.

आज जाऊन पाहण्यासारखं काय उरलं आहे?

पळसदरीला उतरून घाटाकडे जाणारे रूळ पाहा. भिवपुरी रोडवरून पेजेच्या काठी मार्च-एप्रिलमध्ये जा. आजूबाजूचे ओढे कोरडे आणि ही भरून वाहते, तेव्हा वरचं पाण्याचं उत्तर डोळ्यांना दिसेल. सिद्धगडाच्या वाटेवर हुतात्मा स्मारक आहे, २ जानेवारीला पहाटे तिथे गर्दी असते. अंबरनाथचं मंदिर सकाळी लवकर. काकोळ्याचा तलाव पावसाळ्यात. भिवंडीत कुठल्याही गल्लीत शिरा, मागांचा खडखडाट तुम्हाला वाट दाखवेल. फक्त शेडमध्ये विचारल्याशिवाय फोटो काढू नका, पोरं कामावर असतात आणि नंतर बोलणी त्यांना खावी लागतात.

पुढची फेरी कधी?

पाऊस उघडला की. कल्याणहून सकाळची पहिली कर्जत लोकल, मधला डबा. डबा घरून आणा, पळसदरीला चहाशिवाय काही मिळत नाही.